सोल, हील आणि माझे तीन महिने

पहिल्याच दिवशी मला खटकलं ते मालकांचं चालणं. डावं पाऊल पडलं की 'खट्' असा आवाज यायचा. उजवं पडलं की काहीच नाही. खट्... शांतता. खट्... शांतता. मी काउंटरमागे नवीकोरी नोकरदार होऊन बसले होते. बुटांच्या दुकानाचा मालक एकाच पायात बूट घालून फिरतो की काय, असं माझ्या मनात आलं. वाकून बघायचा धीर होईना. बी.ए. झालेल्या मुलीनं पहिल्या दिवशी मालकाचे पाय न्याहाळणं बरं दिसतं का?

अशा गोष्टी कशा साठत जातात, कळतसुद्धा नाही. घडताना पळून जावंसं वाटतं, नंतर मैत्रिणींना सांगायला लागलं की संपता संपत नाहीत. एक सांगितली की नलू म्हणते, "आणि तो टायरवाला?" तो सांगितला की आणखी कोणी, "आणि ते मिलिटरीवाले?" म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

तर दुकान आमच्या नगरात, कापडबाजारापासून चार पावलांवर. नाव सांगत नाही. मालक अजून रस्त्यात भेटतात आणि मी अजून दचकते. विकायला फक्त पुरुषांचे बूट. ऑफिसात, लग्नात, साहेबाच्या भेटीला घालायचे ते. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. पुढे गिऱ्हाईक बघायला वसंतराव. मागे पडद्याआड सोल आणि टाचा बसवायला गणपतमामा, चाळीस वर्षं हातात चामडं कापायची रापी धरलेले. आणि पावत्या फाडायला व तक्रारी ऐकायला मी.

तक्रारी ऐकायला मुलगी का? कारण अण्णांचा सिद्धांत होता की, पुरुष गिऱ्हाईक मुलीवर ओरडत नाही. हा सिद्धांत अण्णांनी स्वतः कधी काउंटरवर बसून तपासला नव्हता.

"तीन महिने ट्रायल," अण्णा म्हणाले. "तुमची सही असलेल्या पावतीवरचा एकही जोड तक्रार घेऊन परत आला नाही, तर पक्क्या. आला, तर नमस्कार."

घरी बाबांची अट याला जोडलेली. "नोकरी पक्की झाली तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार नाही. नाही झाली, तर संगमनेरला होकार कळवतो." संगमनेर म्हणजे तिथलं स्थळ. फोटो आला होता. त्यात तो कॅमेऱ्याकडे असा बघत होता की मी फोटोलाही दचकले.

म्हणजे माझं पुढचं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या पुरुषांच्या टाचांवर अवलंबून होतं!

*

मालकांच्या पायांचं रहस्य दुपारी उलगडलं. अण्णांच्या डाव्या बुटाला चामड्याचा सोल होता, टाचेला चामड्याचे थर आणि त्याखाली लोखंडी नाल. उजव्या बुटाला सोल रबरी, टाच रबरी. वरून दोन्ही सारखे काळे, चकचकीत. अण्णा स्वतःच दुकानातला नमुना होते.

"डावा ऐका, उजवा ऐका, मग ठरवा!" असं म्हणत ते गिऱ्हाइकासमोर दुकानभर फेरी मारायचे. डावी टाच बोटभर जाड असल्यामुळे सगळी फेरी उजवीकडे कललेली असायची.

एकदा सुप्याहून एक गृहस्थ आले. धोतर, कोट, टोपी. त्यांनी फेरी पाहिली, ऐकली, मान डोलावली.

"ठरलं?" अण्णांनी विचारलं.

"ठरलं की. मालक सोता घालत्यात त्येच द्या."

"अहो, हा नमुना आहे. एक चामडी, एक रबरी."

"म्हंजी चांगला माल सोताच्या पायात, आन आमाला दुसरा व्हय?"

अण्णांनी तासभर समजावलं. वसंतरावांनी समजावलं. गृहस्थ उठेनात. शेवटी गणपतमामांनी एक चामडी आणि एक रबरी असा जोड बांधून दिला. पावतीवर सही माझी! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठवड्यानं गृहस्थ दारात. माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"बाई, ह्यो बूट घालून यस्टीत चढलो, तर मानसं उठून जागा देत्यात. लंगडा समजत्यात मला!"

मी मनातल्या मनात संगमनेरला जायची ट्रंक भरायला घेतली.

"तक्रार लिहून घेऊ का?" मी कसंबसं विचारलं.

"तक्रार कसली? भावाला बी असाच एक द्या!"

*

भिंगारच्या कॅम्पातून मिलिटरीचे लोक यायचे. त्यांना रबर चालायचं नाही. अख्खा चामडी सोल, टाचेला नाल, आणि आवाज असा की पलटणीला कळलं पाहिजे. बूट घालून आरशात बघणं हा प्रकार त्यांच्यात नव्हता. ते ऐकून बघायचे.

मिशा पिळलेले एक सुभेदारसाहेब आले. बूट चढवले, उभे राहिले आणि कुणालाही कल्पना न देता स्वतःलाच 'सावधान' केलं. धाड्!

पुढचं मला वसंतरावांनी सांगितलं. मी स्टुलावरून दिसेनाशी झाले, दौत आडवी झाली आणि काउंटरखालून "आई गं!" असा आवाज आला. मी वर आले तेव्हा कपाळावर निळी शाई होती.

सुभेदारसाहेबांनी आधी टाच पाहिली, मग मला पाहिलं.

"हील पक्का है," ते अण्णांना म्हणाले. "स्टाफ कच्चा है."

ट्रायलवर असलेल्या मुलीबद्दल मालकासमोर बोलायला इतकं नेमकं वाक्य मिळायला मिलिटरीच लागते.

*

टायरवाला तो हा. श्रीगोंद्याकडचा ऊसवाला माणूस, भारदस्त. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून बूट नेलेले. वर लग्नात मिरवावं असं काळंभोर चकाकतं चामडं आणि खाली... गाडीचा टायर! खरा टायर, नक्षीसकट. त्यानं हट्टानं बसवून घेतला होता.

"अहो पाटील," वसंतराव म्हणाले, "असल्या बुटाखाली टायर? लोक काय म्हणतील?"

"काय म्हनतील? आमची बैलगाडी टायरची झाली. बैलांना टायर मिळतो, आमी काय पाप केलंय?"

पडद्यामागून गणपतमामांनी फक्त विचारलं, "मोटारीचा हुता का ट्रकचा?"

"ट्रकचा. मागच्या चाकाचा."

"मंग टिकला आसंल."

"लई टिकला! पर आता नक्षी गेली, पाय घसरतोय."

"नवा सोल बसवूया," वसंतराव खूश झाले.

पाटलांनी बूट हातात घेऊन उलटा केला, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नवा कशाला? झिजल्या टायरला मारत्यात तसं रिमोल्ड मारून द्या की!"

*

मला वीस दिवस झाले होते तेव्हा शिक्षण खात्यातले एक साहेब आले. त्यांची अडचण नाजूक होती. ते शाळांची अचानक तपासणी करायचे, पण ती अचानक होतच नव्हती. शहाबादी फरशीवर त्यांच्या नालांचा आवाज दोन वर्ग अलीकडूनच पोचायचा.

"मी दारात पोचेपर्यंत प्रत्येक मास्तर फळ्यावर लिहीत असतो!" साहेब कळवळून म्हणाले. "आणि एकसुद्धा पेंगलेला सापडत नाही."

वसंतरावांनी क्रेपचा सोल सुचवला. पिवळट, जाडसर, खरवसाच्या वडीसारखा. त्यावर माणूस चालत नाही, सरकतो. साहेबांनी दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला माझ्या मागे येऊन "छान!" म्हणाले. मी किंचाळले. साहेबांनी लगेच जोड बांधायला सांगितला.

दहा दिवसांनी तीन शिक्षक आणि एक हेडमास्तर असं शिष्टमंडळ दुकानात.

"साहेब मागे येऊन उभे राहतात हो!" हेडमास्तर म्हणाले. "आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी परवा दचकून शिवाजी महाराजांना तिसरा डोळा काढला!"

दचकणाऱ्यांबद्दल मला आतून माया आहे. पण माझी सही! पडद्याआडून गणपतमामांनी मान बाहेर काढली. "साहेब टाच घासायला येतील तवा बघू," एवढंच म्हणाले.

साहेब आले, टाच घासून घेऊन गेले. मामांनी त्या निमित्तानं डाव्या बुटात दोन थरांच्या मध्ये वाळक्या चामड्याची एक पातळ पट्टी सरकवली होती. हे मला साहेब गेल्यावर सांगितलं! मी रडायच्या बेतात.

"मामा, तक्रार आली तर माझी नोकरी जाईल."

"न्हाई यायची. आली तर मी हाय."

चौथ्या दिवशी साहेब लालबुंद होऊन आत आले. आत येताना सगळ्या दुकानाला ऐकू आलं: कर्र... शांतता. कर्र... शांतता.

"डावा बूट बोलतो!"

मामांनी बूट हातात घेतला, कानाशी नेला, डॉक्टर छाती तपासतात तसा दोन-चार ठिकाणी दाबला.

"साहेब, ह्यो क्रेप हाय. उन्हानं बोलतोय. पाऊस पडला का आपोआप गप बसंल."

साहेबांना पटलं. ते तक्रार न नोंदवता गेले.

ते साल दुष्काळाचं. पाऊस आलाच नाही. पुढचे सगळे महिने जिल्ह्यातले मास्तर वेळेवर फळ्याशी उभे!

*

आता नलूचाच किस्सा. नलू माझी वर्गातली मैत्रीण.

कचेरीतले एक कारकून आमच्याकडे यायचे. स्वभाव गोड, अक्षर सुंदर, उंची बेताची. साध्या बुटाच्या टाचेला चामड्याचे चार थर असतात, एकावर एक डकवून खिळे मारलेले. यांनी पाचवा मागितला. मग सहावा. आठ दिवसांनी आणखी एक, शिवाय आतून बुचाची उतरती पट्टी, म्हणजे टाच आतूनही उचलली जाते.

"अजून एक थर चढवला," गणपतमामा म्हणाले, "तर साहेबांस्नी खाली उतरायला शिडी लागंल."

"मुलगी बघायला जायचंय हो रविवारी," कारकून लाजून म्हणाले. मग सगळेच विरघळले. मामांनी आठवा थर बसवला आणि कडा अशा घासल्या की टाच एकसंध दिसावी. कारकून दुकानातून बाहेर पडले ते रुबाबात. दारावरच्या पाटीखालून जाताना त्यांनी पहिल्यांदाच मान वाकवली. वाकवायची गरज नव्हती, पण वाकवली.

रविवारी ते जिथे गेले ते घर नलूचं, हे मला सोमवारी नलूनंच सांगितलं.

"बाबा गॅलरीतून बघत होते," नलू म्हणाली. "मुलगा रस्त्यानं येताना दिसला. बाबा आईला म्हणाले, चांगला उंचापुरा आहे गं! मग ते जिना चढून आले, दारात बूट काढले आणि आत येऊन सतरंजीवर बसले."

एवढ्या तयारीत दारात बूट काढावे लागतात हे कारकुनांच्या, वसंतरावांच्या, अण्णांच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं!

"मग?"

"मग काय! चहा झाला, पोहे झाले. बाबा आपले सारखे दाराकडे बघतायत. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, अहो, तुमच्याबरोबर एक उंचसे गृहस्थ होते ना? त्यांना का बाहेर उभं ठेवलंत?"

*

एक प्रसंग हसण्यातला नाही, पण सांगते. तो वगळला तर त्या वर्षाबद्दल खोटं बोलल्यासारखं होईल.

त्या दिवसांत कच्चं चामडं अचानक स्वस्त झालं. का, ते सगळ्यांना माहीत होतं. चारा नव्हता, छावणीत जनावरं टिकत नव्हती. अण्णांनी संधी साधून सोलाच्या चामड्याचा मोठा गठ्ठा आणला. गणपतमामांनी वरचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, बोटांनी चाचपला आणि परत ठेवला.

"ह्याचा सोल मी न्हाई कापायचा."

"का? काय वाईट आहे?"

"उपाशी जनावर हाय ह्ये. हाताला लागतंय. पातळ पडलंय, दोन महिन्यांत फाटंल."

"गिऱ्हाइकाला काय कळतंय?" अण्णा म्हणाले.

"पायाला कळतंय, अण्णा."

अण्णा मोठ्या व्यापारी डोक्याचे. त्यांनी थोडा विचार केला आणि मला हाक मारली. "त्या सोलांच्या पावत्यांवर सही वसंतरावांची घ्या. तुमची नको. तुमची ट्रायल आहे."

याला ते माणुसकी म्हणत. वसंतराव त्या दिवसापासून माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मामांनी तो गठ्ठा कोपऱ्यात सरकवला आणि त्यावर आपली जेवणाची पिशवी ठेवायला लागले. त्यातला एकही तुकडा कापला गेला नाही. अण्णा रोज विचारायचे, मामा रोज म्हणायचे, "हातातलं उरकू द्या."

*

आणि आता शेवटचा.

तीन महिने पुरे व्हायला दोन दिवस उरले होते. तक्रार शून्य. बाबांनी संगमनेरचा फोटो कपाटात ठेवून दिला होता. अण्णा माल बघायला पुण्याला गेलेले. जाताना म्हणाले, "शोकेस पुसून घ्या. धूळ फार झालीय."

मी मन लावून शोकेस पुसलं. काच पुसली, फळ्या पुसल्या, आठही जोड एकेक करून वरून, आतून, खालून पुसले. प्रत्येक बुटाच्या तळाला खडूची फुली होती. शी! इतक्या देखण्या बुटांवर खडू? मी फडकं ओलं करून सगळ्या फुल्या पुसल्या आणि तळ पॉलिशनं चकचकीत केले.

दुपारी दुकानात मी एकटी. वसंतराव जेवायला घरी, मामा टाचांच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, आणायला सर्जेपुऱ्यात. दारात जीप थांबली. एक तरुण साहेब घाईघाईनं आत आले. श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्यावर नवीन लागलेले इंजिनिअर.

"आठ नंबर, काळा, लेसचा. लगेच."

मी सगळी खोकी उचकली. लग्नसराई होती, आठ नंबर संपलेला.

"बघा हो कुठेतरी," ते अजीजीनं म्हणाले. "उद्या सकाळी आमच्या नव्या पंपाचं उद्‌घाटन आहे. दहाला पूजा, मग मोठे पाहुणे बटण दाबणार आणि पाणी पाटात पडणार. पाहुण्यांबरोबर पाटाच्या कडेला मलाच चालायचंय. अजून टेंपररी आहे मी. उद्याचा दिवस नीट गेला तर पक्का होईन."

टेंपररी! माझ्या काळजाला हात घातला त्या शब्दानं. मी शोकेसकडे पाहिलं. दुसऱ्या फळीवर आठ नंबर, काळा, लेसचा, मीच सकाळी पुसलेला.

बूट घालून ते चार पावलं चालले. "वा! किती हलका आहे हो! कशाचा सोल?"

"चामड्याचा," मी ठामपणे म्हणाले. तीन महिन्यांत शिकले होते ना!

खरं तर चामड्याचा सोल फरशीवर वाजतो. हा नुसताच पुटपुटला. पण वसंतरावांशिवाय, मामांशिवाय मी एकटीनं केलेली ती पहिली विक्री होती. मी पावती फाडली, झोकदार सही केली. जीप धुरळा उडवत गेली आणि मी बराच वेळ दारात उभी राहून स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मामांनी दुकान उघडलं. काचेसमोर थबकले.

"ताई, ह्यो आठ नंबर कुठं गेला?"

मी अभिमानानं सांगितलं. मामांनी उरलेल्यांतला एक बूट काढून उलटा केला, नखानं तळाची कड खरवडली. काळ्या मेणाखालून करडा रंग निघाला.

पुठ्ठा!

"काचंमागं कोन चालतंय, म्हनून अण्णा सोलाचं चामडं वाया घालवू देत न्हाईत," मामा म्हणाले. "वरचं चामडं खरं. तळ पुठ्ठ्याचा, टाच बी पुठ्ठ्याच्या थरांची. खळीनं डकवलेली. म्हनून तर खाली फुली करतो मी! ती कुनी पुसली?"

माझ्या हातात तेच फडकं होतं.

"पाण्यात नाही ना विरघळणार?" मी विचारलं. घाबरलं की माणूस काय विचारेल सांगता येत नाही.

"पुठ्ठा हाय, ताई. आन वर खळ."

सगळा जिल्हा कोरडा ठणठणीत. महिनोन्‌महिने कुणाच्या पायाला ओल लागलेली नव्हती. त्या बुटानं एरवी चार दिवस तरी काढले असते. आणि साहेबांनी तो नेला कुठे, तर जिल्ह्यात त्या दिवशी जिथे पाणी वाहणार होतं नेमकं तिथे! त्यांची नोकरी आणि माझी नोकरी, दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर.

वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सही कुणाची?"

एस.टी.नं जायचं तर पोचेपर्यंत दुपार. कारखान्यावर ट्रंक कॉल लावायला मी मामांना घेऊन तार ऑफिसात पळाले. खिडकीतल्या माणसानं चष्म्यावरून पाहिलं.

"ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?"

लाइटनिंग म्हणजे सगळ्यात झटपट कॉल, पण त्याच्या दराचा आकडा ऐकून माझ्या अंगातली वीज गेली. "अर्जंट. अर्जंट म्हणजे किती वेळात?"

"लाइन मिळाली की ताबडतोब."

"आणि लाइन कधी मिळेल?"

"ते अर्जंटमध्ये येत नाही."

साडेनऊ. पावणेदहा. बाकावर बसून मामा मला धीर देत होते. "पूजा हाय न्हवं? पूजंला बूट काढत्यातच. जवर भटजी हायेत, तवर बूट कोरडं."

हे मात्र खरं होतं! मी हिशेब मांडला. दहाला पूजा. पाहुणे मोठे, म्हणजे उशिरा येणार. पाहुणे वेळेवर येतील इतकी काही माझी पत्रिका वाईट नव्हती. पूजा लांबली, भटजींनी सगळे श्लोक म्हटले, तर अकरापर्यंत साहेबांचे पाय अनवाणी. त्याआधी फोन लागला पाहिजे.

दहा वाजून दहा मिनिटांनी लाइन लागली. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना.

"नो रिप्लाय. पुन्हा लावू?"

"लावा!"

साडेदहाला पुन्हा. घंटा, घंटा, घंटा. अख्खं ऑफिस पाटावर गेलेलं असणार. दुष्काळात वाहतं पाणी बघायचं सोडून फोन कोण उचलणार? मी असते तरी उचलला नसता.

पावणेअकराला लाइन लागली ती भलत्याच ठिकाणी. एक जाड आवाज "पोलीस ठाणे!" म्हणाला. मी रिसीव्हर असा आपटला की खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. "तुम्ही काही केलंय का बाई?" त्यानं विचारलं.

"सोल पुठ्ठ्याचा निघालाय," मामांनी माझ्या वतीनं सांगितलं. तो माणूस हळूच परत बसला.

सव्वाअकरा. मी मनातल्या मनात भटजींना विनवत होते, गणपती झाला असेल तर वरुण घ्या, वरुण झाला असेल तर नवग्रह घ्या, सावकाश घ्या, काही घाई नाही.

"बोला, श्रीगोंदा बोला!" खिडकीतून ओरड आली. मी धावले. पलीकडे घंटा वाजली. एक. दोन. सात. आठ. आणि खट्कन कुणीतरी फोन उचलला.

"हालो? कोन?"

"हॅलो! मी नगरहून बोलतेय! तुम्ही कोण?"

"मी वॉचमन. समदी पाटावं हायेत."

"इंजिनिअर साहेब कुठेत? त्यांना फोनवर बोलवा! फार अर्जंट आहे!"

"साहेब व्हय? साहेब हितंच हायेत, आफिसात. पर भायेर यायचे न्हाईत ते. अनवानी बसल्यात."

अनवाणी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी रिसीव्हरवर हात ठेवून मामांना म्हणाले, "मामा, अनवाणी आहेत!" मामांनी वर बघून हात जोडले. मग मी फोनमध्ये ओरडले,

"बरं झालं! म्हणजे पूजा अजून चालू आहे ना?"

"पूजा?" वॉचमन म्हणाला. "पूजा तर साडेदहालाच उरकली की, ताई. पाटाला पानी बी सुटलं."